उलटे टाके

शिवणवर्गाच्या बाईंनी पडद्यावर दोन बोटं फाकवून काजाचा फोटो मोठा केला. टाके सुबक होते, एकाला एक लागून बसलेले. पण झुकले होते उलट्या बाजूला.

"ही 'सुईदोरा' कोण गं?"

"खरं नाव लिहिलंच नाही तिने," शेजारी बसलेली सून म्हणाली. "सगळ्या धड्यांत पहिली आहे. हे शेवटचं काम. तुम्ही पास केलंत की प्रमाणपत्र आपोआप जाईल. महिनाअखेरपर्यंत कारखान्यात दाखवलं तरच नोकरी, असं खाली लिहिलंय."

बाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला. टाके तसेच होते.

घरात डावखुरी एकच होती, बाईंची लेक. तिच्या हातावर बाईंनीच पट्टी ओढली होती, कितीदा तरी. पोरीने हात बदलला नाही, घर बदललं. मनाजोगत्या माणसाबरोबर गेली, तेव्हा बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "आता आलीस तर परक्यासारखं दार वाजवून ये."

शिवणवर्ग ऑनलाइन झाला तेव्हा नियम बाईंनी सांगितले आणि सुनेने यंत्रात भरले. काम पास झाल्याशिवाय पुढचा धडा उघडायचा नाही. आठवडाभर काम आलं नाही की नाव आपोआप कमी, आणि सोबत बाईंच्या आवाजातला निरोप. "यंत्राला दयामाया नसते, म्हणून तर ते कामाचं," असं बाई शेजारणींना ऐकवायच्या.

"नापास कर," त्या म्हणाल्या.

"का? काज छान आहे की."

"टाके उलटे आहेत."

"बटण तर बसतंय ना, आई?"

"तू मला काज शिकवणार? तुझ्या कुडत्याची उसवण अजून मीच शिवते!"

"कारण लिहावं लागतं."

"लिही, हात सुधारा."

सुनेचं बोट क्षणभर अडलं. मग तिने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी काज परत आलं. परत गेलं. रोज नवं कापड, नवा दोरा, आणि टाके त्याच बाजूला झुकलेले. बाई जेवण भरभर उरकून पडद्यापुढे बसू लागल्या.

"आलं का?"

"आलं. तुम्हाला ठाऊक आहे ना, कोण आहे ती?"

"सुईदोरा."

"मला पहिल्या धड्यालाच कळलं होतं," सून हळू आवाजात म्हणाली. "पास करा ना, आई. महिना संपत आला."

"पास झाली की जाईल."

"कुठे जाईल?"

"प्रमाणपत्र हातात पडल्यावर कुणी मागे वळून बघतं का?" बाई फटकन म्हणाल्या. "परत पाठव."

त्यानंतरचं काज वेगळंच होतं. टाके या वेळी सरळ बाजूला झुकलेले, उजव्या हाताने घातलेले, पण वेडेवाकडे. दोरा ओढला गेला होता, कापडाला चुण्या पडल्या होत्या, कडेला रक्ताचा एक ठिपका होता. खाली लिहिलं होतं: 'सुधारला का हात?'

बाईंनी तो ठिपका दोन बोटांनी मोठा करून पाहिला.

"हे नवशिकीचं काम," त्या म्हणाल्या. "परत पाठव. लिही... तुझ्याच हाताने शिव म्हणावं."

"नुसतं पास करून टाका ना."

"एकदा पाठवू दे. मग करते."

काम आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही. बाई चिडायच्या, नेट बंद पडलंय का म्हणून सुनेला विचारायच्या, मग उगाच कात्रीला तेल देत बसायच्या. महिना संपला.

मग एका दुपारी पडद्यावर सुईदोराचं नाव दिसेनासं झालं.

"कुठे गेलं?"

"आठवडा झाला. आपोआप गळलं. निरोपही गेला."

"कसला निरोप?"

सुनेने कळ दाबली. खोलीभर बाईंचाच आवाज घुमला. "सुई टोचते म्हणून रडणाऱ्यांना माझ्या वर्गात जागा नाही. गेलात ते बरं झालं, तेवढीच अडगळ कमी!"

निरोप भरताना त्या दोघी किती हसल्या होत्या.

"परत घेता येतं का?" बाईंनी विचारलं.

"तिने मागितलं तर."

सून चहा ठेवायला उठली. बाईंनी गठ्ठ्यातली चिंधी ओढली, सुई काढली आणि डाव्या हातात धरली. सून कप घेऊन आली तरी दोरा ओवला गेला नव्हता.