उभ्याचा सयपाक

चांदा जिल्ह्याचा कारभार नागपूरकडून मुंबईकडे गेला, त्या सालातली ही गोष्ट. मूलपासून तीन कोसांवरच्या खेड्यात राहणाऱ्या गुणाबाईला हे कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी तिच्या चुलीच्या धुराला काही मुंबईची वाट सापडली नसती. तो आपला जुन्याच वाटेनं जात होता. आधी डोळ्यांत, मग छपरात, आणि उरला तर बाहेर.

गुणाबाईचा नवरा वारल्याला नऊ वर्षं झाली होती. एकुलता एक डोमा माजरीच्या कोळशाच्या खाणीत कामाला लागला, तिथंच त्याला मजुरांच्या चाळीत खोली मिळाली, आणि वरोऱ्याकडची कमळा बायको मिळाली. घरी उरली गुणाबाई, एक गाय आणि धानाची दोन वावरं. माणूस एकटं राहिलं की भूक जात नाही, झोप थोडीफार जाते, पण बोलणं मात्र पार जातं, कारण त्याला दुसरं माणूस लागतं. गुणाबाई दिवसाकाठी चार वाक्यं बोलत असेल, त्यातली तीन गायीशी.

त्या दिवाळीला डोमा आणि कमळा आठ दिवस राहून गेले. गुणाबाईनं त्यांच्यासाठी हाडाची काडं केली. पहाटे चुलीपुढे बसली की दुपारीच उठायची, अनारसे झाले, करंज्या झाल्या, वडे झाले, आणि सुनेला तिनं इकडची काडी तिकडे करू दिली नाही. कमळा सयपाकघराच्या उंबऱ्याशी बसून सासूच्या पाठीकडे बघत राहायची. एकदा ती उठून चूल फुंकायला वाकली, तर तिला असा ठसका लागला की डोळे लाल झाले. "मामी, आमच्या तिकडं ओटा हाये. उभ्यानं सयपाक करतो आमी," ती हसून सासूला म्हणाली. गुणाबाईनं पुढची करंजी तेलात सोडली.

जायच्या दिवशी डोमानं सांगितलं की कमळाला दिवस गेलेत, फाल्गुनात मोकळी होईल. पहिलं बाळंतपण माहेरचं, पण कमळाला आई नव्हती. तेव्हा ती इथं येईल, नाहीतर वरोऱ्याला मावशीकडे जाईल. "इथीच आण," गुणाबाई म्हणाली. डोमा बायकोकडे बघून म्हणाला, "पाहू." गाडी गेली आणि ते 'पाहू' घरात राहिलं. गुणाबाईनं ते उलटून पालटून पाहिलं, त्यात तिला सुनेचा ठसका ऐकू आला, आणि तिनं मनाशी खूणगाठ बांधली. सून येत नसेल तर ती चुलीपायी. चूल उभी केली की सून येईल, नातू या घरात रडेल, आणि मग पुढचं पुढं.

मूलच्या बाजाराच्या दिवशी ती पत्रू सुताराकडे गेली. पत्रू जंगलखात्याच्या साहेबांचं दौऱ्याचं सामान दुरुस्त करायचा. त्या लोकांची टेबलं, खाटा, कपाटं सगळी सुटी व्हायची, बैलगाडीत आडवी पडायची आणि पुढच्या मुक्कामाला पुन्हा उभी राहायची. ते बघून बघून पत्रूनं स्वतःच्या डोक्यानं एक सयपाकघर काढलं होतं. चार पाय, वर काठ असलेली मोठी परात म्हणावी तशी लाकडी चौकट, तिच्यात चार बोटं माती भरायची आणि त्या मातीवर चूल घालायची. खाली भांड्यांची फळी, बाजूला पाण्याचे हंडे ठेवायला घडवंची. सगळं खुंटीवर आणि पाचरीवर, खिळा एकही नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं गुणाबाईनं आधी पाट विचारला, मग घडवंची विचारली. पत्रू जुना माणूस. तो म्हणाला, "बाई, तुमची नजर कवापासून तिकडं हाये. बगा ना जवळून."

"कोन्त्या लाकडाचं हाये जी?"

"हे सागाचं. तुमच्या नातवाचा नातू वापरन. थे बिज्याचं. आन् ह्या कोपऱ्यातलं मिसळीचं, पाय ऐनाचे, फळ्या हळदूच्या. सस्तं पडते. फक्त पान्यापासून जपा लागन."

सागाचं नाव काढायची सोय नव्हती. बिज्याच्या फळीवरून गुणाबाईनं दोनदा हात फिरवला, हौसेला मोल नसतं हे पैसेवाल्यांनी म्हणावं, असं स्वतःशी म्हटलं, आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. पोतंभर धानात सौदा झाला. पत्रूनं पाय किती उंच करायचे ते विचारलं तेव्हा तिनं हात आपल्या छातीशी धरला.

"बाई, हे तर तुमाले उंच होते. तुमी टाचा वर करसान का काय?"

"मी कायले? माही सून उंच हाये. सयपाक थे करन."

पंधरा दिवसांनी लटारूच्या गाडीतून दोरानं बांधलेला गठ्ठा आला. लटारू शेजारचाच, मूलच्या गिरणीवर धान पोचवून परत येत होता. गठ्ठा अंगणात टाकून तो म्हणाला, "पत्रूभाऊनं गेरूचे टिपके देल्ले हायेत. एक टिपका एकाले, दोन दोनाले, असं जोडत जा. काई अवघड नाई म्हने." गुणाबाईनं मान डोलावली.

आता सुताराच्या आवारातून, गिरणीच्या धुळीतून, कोणाकोणाच्या हातून आलेलं लाकूड तसंच सयपाकघरात कसं न्यायचं? तिच्या घरात नवं सूपसुद्धा शेणपाण्याशिवाय आत गेलं नव्हतं. तिनं बादलीत शेण कालवलं, त्यात हळद टाकली, काथ्याचा बोळा घेतला आणि एकवीसच्या एकवीस तुकडे असे घासले की पत्रूच्या रंध्यालाही जमलं नसतं. मग ते उन्हात ओळीनं मांडले आणि समाधानानं कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. एकाही तुकड्यावर टिपका नव्हता.

पुन्हा मूलला जाऊन पत्रूला विचारणं म्हणजे आपलं हसं करून घेणं. गावात धानाची मळणी चाललेली, कोणाला कोणासाठी वेळ नाही. गुणाबाईनं ठरवलं, आपणच जोडू. रोज मळणीवरून आली की दोन घास खायची आणि लाकडं घेऊन बसायची. ही खुंटी या भोकात जाते, पण दुसरं टोक भलतीकडेच बघतं. हा पाय बसतो, पण उलटा. चौथ्या दिवशी सगळं उभं राहिलं आणि ती हात झटकते न झटकते तोच गाभण म्हशीसारखं हळूच एका कुशीवर बसलं. गुणाबाई त्याच्याशेजारी जमिनीवर बसली आणि तिला रडू आलं. हसायला कोणी असतं तर ती हसली असती.

अकराव्या दिवशी शेवटची पाचर ठोकली. शेजारची धुरपता, लटारूची बायको, डोकावली आणि तोंडाला पदर लावून म्हणाली, "अवो बाई, तुमी तं सायबीन झाल्या! हे चूल हाये का माळा?"

"चूल हाये," गुणाबाई म्हणाली, आणि पुढे सांगावंसं वाटत असूनही तिला पुढचं काही सापडलं नाही. धुरपता थोडी थांबली, मग गेली.

तळ्याची चिकण माती, धानाचा कोंडा आणि शेण मळून गुणाबाईनं वरची चौकट भरली. दोन तोंडांची चूल घातली. चूल घालण्यात तिचा हात धरणारी गावात दुसरी नव्हती. पाटावर उभी राहून तिनं ती लिंपली, सुकवली, पांढऱ्या मातीनं पोतारली. सगळं भिंतीशी सरकवलेलं, देखणं, आणि थंड.

थंड, कारण नवी चूल पहिल्यांदा पेटवायची ती घरच्या सवाष्णीनं. तिनं हळदकुंकू लावायचं, दूध उतू घालवायचं, मग त्या चुलीवर अन्न शिजायचं. विधवेनं ती पेटवायची नसते. गुणाबाईच्या सासूनं हे पाळलं होतं आणि गुणाबाईला दुसरं काही माहीत नव्हतं. धुरपता म्हणाली, "मी देतो पेटवून, मी काय परकी हाओ?" गुणाबाईनं मान हलवून नको म्हटलं. घरची सवाष्ण येणार होती. तोवर ती कोपऱ्यातल्या जुन्या चुलीवर, उंच नव्या चुलीच्या पायांशी बसून, एकटीचा भात शिजवत राहिली. पौष गेला. ती रोज नवी चूल पुसायची, जी काळीच झाली नव्हती.

माघात डोमा आला. एकटा.

गुणाबाईनं त्याच्या मागं वाटेकडे पाहिलं. वाटेवर लटारूचे बैल होते.

"माय, कमळा वरोऱ्याले जाईन," डोमा बसता बसता म्हणाला. "मावशीकडं. थेच सांगाले आलो."

गुणाबाईनं त्याचा हात धरला आणि त्याला सयपाकघरात नेलं. डोमानं वर पाहिलं, खाली पाहिलं, फळीवर हात फिरवला. "कोणासाठी केलं हे?"

"तिच्यासाठी. उभ्यानं करते म्हने ना थे. धूर लागते म्हने."

डोमानं एक पाचर अंगठ्यानं दाबून पाहिली. तो आईवर गेला होता, त्यालाही शब्द जड जायचे. मग तो म्हणाला, "माय, धुराचं नाई व. धूर तं तिकडंबी हाये, कोळशाचा. थे म्हनते, मी आठ दिवस राह्यली, मामी माह्याशी एक शब्द नाई बोलली. म्हनते, मी तिच्या पाठीकडं पाहत बसो. रातच्याला माह्याजवळ रडली थे. तिले आई नाई, माय. तिले वाटलं होतं का इथी कोणी इचारन, कसं वाटते तुले म्हनून."

मी तिच्यासाठी आठ दिवस उठले नाही चुलीपुढून, असं गुणाबाईला म्हणायचं होतं. तिला कष्ट पडू नयेत म्हणून हात लावू दिला नाही, असं म्हणायचं होतं. मला कोणी विचारत नाही म्हणून मीही विचारायची विसरले गं, असंही म्हणायचं होतं, पण ते डोमाला नव्हे. ती वळली, जुन्या चुलीपुढे बसली आणि त्याच्यासाठी भात टाकला. डोमा तिच्या पाठीमागं बसून जेवला.

सकाळी लटारूची गाडी मूलला निघाली, तिच्यातून डोमा जाणार होता. मूलला रेल्वे, पुढं चांदा, पुढं माजरी. गुणाबाई दारात उभी होती. त्यानं पाया पडून निरोप घेतला, तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. गाडी बांधाच्या वळणाला लागली. घर पुन्हा होतं तसं झालं. मग तिच्या लक्षात आलं की काल दुपारपासून पोरगा घरात होता आणि आपण त्याला जपून जा एवढंही म्हटलं नाही.

ती धावली. पन्नाशीची बाई बांधावरून अनवाणी धावते आहे, हे बघायला शेतातली माणसं, त्यांत धुरपताही, उठून उभी राहिली. "डोमा! थांब रे!" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही, गंजलेल्या कडीसारखा करकरत निघाला. लटारूनं बैल आवरले.

"काय झालं व माय?" डोमानं विचारलं.

गुणाबाई गाडीचा दांडा धरून धापा टाकत राहिली. "तिले सांग..."

"काय सांगू?"

तिला निरोप सुचेना. जे सांगायचं होतं ते दुसऱ्याच्या तोंडून पाठवण्याजोगं नव्हतं. तिनं पदर खोचला, चाकावर पाय दिला आणि गाडीत चढली.

"माय, अवो, घर उघडं हाये!" डोमा म्हणाला.

"धुरपता!" गुणाबाईनं शेताकडे तोंड करून हाक मारली. नऊ वर्षांत तिनं कोणाला इतक्या मोठ्यानं हाक मारली नव्हती. "गाय पाहशील व! आन् थे चूल पेटव तू! मी माह्या सुनेकडं जाऊन राह्यली!"

गाडी हलली. डोमा आईकडे नवल वाटून बघत होता. बरंच अंतर गेल्यावर, तळ्याची पाळ मागं पडल्यावर, गुणाबाईनं विचारलं, "डोमा, तिले खायले काय आवडते रे?"

डोमा विचार करू लागला. त्यानं बैलांकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताच्या नखांत बसलेल्या कोळशाकडे पाहिलं.

"मले नाई मालूम, माय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "म्या कवा इचारलंच नाई."