फ्रिजच्या बदल्यात वगार

गोंदियाहून चिचगडला जायचं तर टिकेश कटरे उजाडताच मोटारसायकल काढायचा. कोहमाऱ्याच्या चौकात ढाब्यावर चहा व्हायचा. मग महामार्गावर ट्रकांच्या मागे मागे देवरी, आणि देवरीहून पुढे जंगलातला रस्ता. चैत्रात त्या रस्त्यावर मोहफुलं वेचणाऱ्या बाया दिसायच्या आणि वासानं डोकं जड व्हायचं. ही २००३ सालची गोष्ट आहे. टिकेश तेव्हा एका औषध कंपनीचा एमआर होता, डॉक्टरांना भेटून औषधं खपवणारा. नोकरी अजून पक्की झाली नव्हती. पुढे त्याने नागपूर पाहिलं, पुणे पाहिलं, मोठ्या हॉटेलांत डॉक्टरांच्या बैठका घेतल्या. पण कामाची आठवण म्हटली की त्याला हाच रस्ता आठवतो.

रस्त्याच्या शेवटी डॉ. रेवाराम पटले यांचा दवाखाना होता. डॉक्टर आमगावकडच्या पोवार शेतकरी घरातले. भाऊ शेती करायचा, हे एकटे शिकून चिचगडला येऊन बसले. टिकेशही पोवारच, त्यामुळे पहिल्याच भेटीत कोणत्या गावचा, कोणाचा कोण हे निघालं, आणि डॉक्टरांच्या पत्नी दुलारी या त्याच्या काकी झाल्या. जेवल्याशिवाय त्याला कधी जाऊ दिलं नाही.

डॉक्टरांची एक रीत होती. घेतलेली वस्तू ते परत केल्याशिवाय राहायचे नाहीत. लग्नातला आहेर जसा लक्षात ठेवून फेडतात, तसंच. टिकेशने कंपनीचे पेन दिले की काकी पिशवीत परसातल्या झाडाचे जांब टाकायच्या. कॅलेंडर दिलं की लाखोळीची डाळ. भिंतीवरचं घड्याळ दिलं तेव्हा चिन्नोर तांदळाचं पोतं मोटारसायकलवर बांधून मिळालं. तो भात शिजला की टिकेशच्या भाड्याच्या खोलीबाहेर जाणारा माणूस थांबून विचारायचा, आज काय आहे?

"साहेब, हे कायले देता? कंपनी देऊन राहिली, मी थोडी देतो," टिकेश म्हणायचा.

"घ्यायचं आणि बसून राहायचं, हे आपल्यात नाही," डॉक्टर म्हणायचे. "घेतलं, दिलं, मोकळा झालो."

त्या उन्हाळ्यात कंपनीने आधीपासून चालणाऱ्या ताकदीच्या, रक्तवाढीच्या सिरपच्या जोडीला एक नवं, महाग अँटिबायोटिक काढलं. निवडक डॉक्टरांना फ्रिज द्यायचं ठरलं. टिकेशच्या भागात पटलेंचं नाव होतं. डॉक्टरांना फ्रिज हवाच होता. भाताच्या रोवणीच्या दिवसांत बांधीत साप चावलेले पेशंट येत, आणि सापाच्या विषावरचं इंजेक्शन थंड ठेवायची सोय दवाखान्यात नव्हती. पेशंटला देवरीला पाठवावं लागे. एकदा एक बाई वाटेतच गेली होती.

फ्रिज आला. डॉक्टर त्याच्याभोवती दोनदा फिरले.

"याच्या बदल्यात तुला काय देऊ?"

"काही नको साहेब."

"गप बस."

आठवड्याभराने टिकेश गोंदियाला खोलीवर परतला तर फाटकाला म्हशीची वगार बांधलेली. डॉक्टरांच्या भावाच्या गड्याने आमगावहून आणून सोडली होती. घरमालक मुन्नालाल कमरेवर हात ठेवून उभे होते.

"कटरेजी, दवाई का धंदा छोड दिया क्या? तबेला खोल रहे हो?"

वगारीने तोवर त्यांची तुळस खाल्ली होती.

दुसऱ्या दिवशी एरिया मॅनेजर नंदलालजी नागपूरहून आले. त्यांना वगार दाखवून टिकेश म्हणाला की डॉक्टरांना समजावून हिला परत पाठवावं लागेल. नंदलालजी पोट धरून हसले.

"रख ले यार, दूध पी. किसने मना किया?"

"पण साहेब, त्यांना वाटतं फ्रिजची फेड झाली."

"वही तो अच्छा है. जो लौटाता है ना, सबसे ज़्यादा वही लिखता है. मन साफ रहता है उसका. जो नहीं लौटाता, वो कभी कभी शरमाकर रुक भी जाता है. तेरे चिचगड में सिरप कितना उठता है, कभी सोचा? उतने से गाँव में?"

टिकेशने विचार केला नव्हता. त्याला वाटायचं, आपण चांगलं समजावून सांगतो म्हणून माल उठतो. नंदलालजी जाता जाता म्हणाले की नवं औषध चिचगडला चाललं तर त्याची नोकरी दिवाळीपर्यंत पक्की. म्हणजे काहीच करायचं नव्हतं. वगार सांभाळायची आणि गप्प बसायचं.

दोन दिवस तो गप्प बसला. तिसऱ्या दिवशी चिचगडला गेला. बाहेर पेशंट होते, तरी नेहमीप्रमाणे सरळ आत गेला आणि उभ्यानेच बोलला.

"साहेब, वगार परत न्या. अन् फ्रिजही मी परत नेतो."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "काऊन? कमी पडली का? दुसरं काही पाहिजे होतं तर तोंडानं सांगायचं."

"कमी नाही पडली. पण तुम्ही परत केलं ते मला केलं. तांदूळ माझ्या घरी शिजला. कंपनीला काय मिळालं?"

"मग कंपनीला काय पाहिजे?"

"सिरप. आता नवं औषध."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप टेबलावर ठेवला. "हे बघ टिकेश, मी पेन-घड्याळाकडे पाहून औषध लिहीत नाही. सिरप चांगलं आहे म्हणून लिहितो."

"हो साहेब," टिकेश म्हणाला. "पण त्याच्या आधी काय लिहीत होते?"

डॉक्टर उत्तर देणार होते, पण थांबले. मग त्यांनी दाराकडे पाहून हाक मारली. सुनेला घेऊन आलेली नंदाबाई आत आली. तिचं घर डॉक्टरांकडे पहिल्यापासून यायचं.

"नंदाबाई, मागं तुझ्या मोठ्या सुनेले रक्त कमी होतं तेव्हा मी काय देल्लो होतो?"

"गोळ्या. लाल."

"अन् हिले?"

"हिले शिशी."

"गुण कशानं आला?"

"दोनीनंबी आला जी. पन गोळ्या इथंच भेटत होत्या. शिशीले देवरीले जा लागते. मागच्या खेपेले येष्टीत फुटली, तं पोरगा पुना गेला. त्याची मजुरी बुडली."

"मग मले सांगितलं काऊन नाही?"

"तुमी डाक्टर आहा. तुमी लिवान तेच आना लागते." नंदाबाईने पदर सावरला. "शिशी कायले देता जी?"

"तेच मी आठवून राहिलो," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी सुनेला तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि दोघींना पाठवलं. बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं.

"म्हणजे मी दोनदा परत करून राहिलो होतो," ते मग म्हणाले. "एकदा माझ्या घरातलं, अन् एकदा यांच्या घरातलं. यांना तर कोणी घड्याळही दिलं नव्हतं."

मग त्यांनी टिकेशकडे पाहिलं.

"तुझ्या नोकरीचं काय?"

"बघू."

"तुझ्या काकीले तू सांग फ्रिज परत चालला म्हणून. माझ्यानं होत नाही."

दुलारीकाकी ऐकून एवढंच म्हणाल्या, "अन् साप चावलेला आला तं?" फ्रिज टेम्पोत चढला तेव्हा त्या बाहेर आल्या नाहीत.

पुढे सगळं साधेपणानं झालं. डॉक्टरांनी परत आलेली वगार विकली आणि गोंदियाहून एक जुना फ्रिज आणला. भारनियमनात तो अर्धा दिवस बंदच असायचा, तेव्हा काकी त्यात बर्फाच्या पिशव्या भरायच्या. कंपनीचा फ्रिज दुसऱ्या एका तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी बदल्यात काय द्यायचं असं विचारलं नाही. नवं औषध तिथे इतकं चाललं की टिकेशची नोकरी दिवाळीच्या आधीच पक्की झाली. नंदलालजींनी पेढे वाटले. टिकेशने एक उचलला आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

पण हे नंतरचं. फ्रिज नेला त्याच्या पुढच्या महिन्यात टिकेश चिचगडला गेला तेव्हा जावं की नाही हे त्याला देवरीपर्यंत कळत नव्हतं. डॉक्टरांचा जुना फ्रिज तेव्हा अजून यायचा होता. दवाखान्याच्या दारात पोचला तर आतून डॉक्टरांचा आवाज आला.

"टिकेश का? बाहेर बस. पेशंट होऊ दे."

तो बाकावर बसला. शेजारच्या म्हाताऱ्याने त्याचे बूट, टाय, बॅग नीट पाहून घेतली आणि सरकून जागा दिली.

"तुले काय झालं बापा?"

"काही नाही. औषधाच्या कंपनीत आहो."

"असं का. मंग तुले टाइम लागन," म्हातारा म्हणाला. "आमी बिमार आहो."

ऊन बाकावर आलं तेव्हा रांग संपली. टिकेश उठणार तोच घराकडचं दार उघडलं आणि काकींनी विचारलं, "दवाखान्यातच बसतोस का जेवतोस?"