प्रॉम्प्टरची खुर्ची

आमच्या हौशी नाटक मंडळीतला नायक मी, म्हणजे वाक्यं विसरणारा मी. ती पुरवणारी माझी वहिनी. विंगेतल्या खुर्चीत ती कान टवकारून बसते. नट थांबला की श्वास रोखते, तो मुद्दाम थांबलाय की विसरलाय हे ताडते आणि विसरला असेल तरच शब्द सोडते.

काही वर्षांपूर्वी तिचा गर्भाशयाचा कॅन्सर रेडिएशनने बरा झाला. पण त्या किरणांनी आतडंही होरपळलं होतं, ते फार उशिरा कळलं. कळ आली की धावायचं, नाहीतर फजिती. गेल्या प्रयोगात तिसऱ्या अंकात खुर्ची रिकामी झाली आणि मी भर रंगमंचावर खांबासारखा उभा. त्या दिवशी तिने ते कामच सोडलं. "संडासाला विचारून नाटक करायचं का, भाऊजी?" असं म्हणून ती हसली. मला मात्र गलबलून आलं.

डॉक्टरबाईंकडे मीच ऑपरेशनचं घोडं पुढे दामटलं. त्यांनी मला गप्प बसवलं. होरपळलेल्या आतड्याला सुरी लावली तर जखम भरायची मारामार, आधी साधे उपाय करू, म्हणाल्या. तपासणीत कळलं की तिच्या आतड्यात पित्तरस नीट शोषला जात नाही, म्हणून जुलाब. तो बांधून ठेवणारी पावडर जेवणाबरोबर सुरू झाली. नर्सबाईंनी शौचाच्या जागेचे स्नायू आवळून धरायचा व्यायाम शिकवला.

पावडरीने जुलाब आटोक्यात आले, व्यायामाने मात्र काडीचा फरक पडेना. नर्सबाईंनी तो समोर करून घेतला तेव्हा उलगडा झाला. आवळताना वहिनी श्वास रोखत होती. वर्षानुवर्षांची सवय! त्याने जोर उलट खाली जात होता, म्हणजे सगळं मुसळ केरात.

"बोलत बोलत आवळा," नर्सबाई म्हणाल्या.

झालं. भांडी घासताना घरात खलनायकाचे संवाद घुमू लागले. दादा, म्हणजे तिचा नवरा, मला म्हणाला, "एवढ्या शिव्या तर मी अख्ख्या संसारात खाल्ल्या नाहीत."

पुढच्या प्रयोगाला वहिनी पुन्हा खुर्चीत बसली. तिसरा अंक लागला. दिव्यांच्या झोतात मला विंग दिसेना. आहे, की गेली? राहवलंच नाही. पुढचं वाक्य जिभेवर असून मी मुद्दाम थांबलो. विंगेतून शब्द येईना.

मग अंधारातून दबका, चिडका आवाज आला, "येतंय तुम्हाला. बोला मुकाट्यानं."

मी बोललो. आनंदाने गळा असा दाटला होता की प्रेक्षकांना तो अभिनय वाटला आणि त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.