ओडेलच्या बाहीची शिवण

मित्रांनो, मला जागची हलवायला चार धट्टीकट्टी माणसं लागतात. तुमच्या घरातल्या नाजूक शिलाई मशीनशी माझं नातं तसं लांबचंच. मी डेट्रॉइटच्या कारखान्यात मोटारींच्या सीट शिवणारी जुनी मशीन आहे. जाड रेक्झिन, चामडं, आत फोम, सगळ्यातून सुई आरपार नेणं हे माझं काम.

कारखान्यात माझी मोठी ऐट होती. बर्नडीन नावाची कारागीर माझ्यावर काम करायची. "ही माझी राणी. हिचा टाका चुकला तर मी नोकरी सोडेन," असं ती सगळ्यांना ऐकवायची. रोज मला तेल घालायची, फडक्यानं पुसायची. पुढे सीटचं काम परदेशात गेलं आणि कारखान्याला कुलूप लागलं. बर्नडीन माझ्या चाकावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली. मग छप्पर गळू लागलं. माझ्यावर गंज चढला, सुईच्या दांड्याला कोळ्यानं जाळं विणलं. एकदा भंगारवाला मला ठोकून बघून गेला. तेव्हा मी आशाच सोडली.

पण तो मला न्यायला परत येण्याआधी मिस इव्हेट आली. ग्रॅशियट रस्त्यावरच्या बंद पडलेल्या शाळेत तिनं एक संस्था काढली होती. डोक्यात धंद्याची कल्पना आहे, पण बँकेत ओळख नाही आणि पैसेवाला काका नाही, अशी आमच्या वस्तीतली कृष्णवर्णीय माणसं, मेक्सिकोहून आलेली माणसं तिच्याकडे येत. ती त्यांना शिकवायची, जागा आणि अवजारं द्यायची आणि शेवटी भांडवल घालणाऱ्यांसमोर उभं करायची. 'स्टार्टअप अ‍ॅक्सिलरेटर' असं संस्थेचं भारदस्त नाव दारावर होतं. वस्ती मात्र तिला 'शाळा'च म्हणायची. मला चित्रकलेच्या जुन्या वर्गात ठेवलं, घासूनपुसून नवा पट्टा चढवला. आणि एक दिवस डेल्फीन पेटवे माझ्यासमोर येऊन बसली.

डेल्फीन शाळेची बस चालवायची. तिच्या थोरल्या भावाच्या, ओडेलच्या, किडन्या निकामी झाल्या होत्या. एक दिवसाआड त्याला डायलिसिसला जावं लागे. रक्त शरीराबाहेर फिरून येतं तेव्हा माणूस कुडकुडतो. पण हातात सुया टोचायच्या म्हणून अंगातला कोटही काढून ठेवावा लागतो. ओडेलचे दात वाजताना पाहून डेल्फीनला सुचलं, बाहीलाच लांब चेन लावली तर? हवी तेवढी बाही उघडायची, बाकी अंग उबेत.

पहिलं जॅकेट माझ्याच सुईखाली शिवलं गेलं. ओडेलनं ते घातलं आणि छाती पुढे काढली.

"कसं वाटतंय?" डेल्फीननं विचारलं.

"राजासारखं. आता फक्त सिंहासन आण."

मी पुन्हा दणदणत चालू लागले. भांडवलवाल्यांसमोर उभं राहायचा दिवस जवळ आला आणि वर्गात जॅकेटांची रांग लागली. एका दुपारी ओडेल रताळ्याची गोड पाय-पेस्ट्री खायला आला. ताटलीकडे डावा हात नेताना त्याचा चेहरा कसनुसा झाला. डेल्फीननं पाहिलं.

"हात दाखव."

"काही नाही गं."

"ओडेल, मी बसभर पोरांना गप्प बसवते. मला फसवू नकोस. हात दाखव."

बाही वर गेली. चेन जिथे डायलिसिसच्या खुर्चीच्या हातावर तासन्‌तास दाबली जायची, तिथे निळाजांभळा वळ उठला होता.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. थोडं थोडं."

"आणि बोलला नाहीस?"

"तू इतकी खूश होतीस, डेल. कधी नव्हे ते तुझ्या नावाचं काहीतरी उभं राहत होतं."

"अरे बावळटा, त्या शिरेवर तुझा जीव आहे!"

खरंच होतं ते. डॉक्टरांनी त्या हातात धमनी आणि शीर जोडून डायलिसिसच्या सुयांसाठी वाट केली होती. तिथे रक्त गोठलं असतं तर सगळंच अडलं असतं. दोघं तशीच इस्पितळात धावली. एक अर्धवट जॅकेट माझ्या दाबपट्टीखाली अडकून राहिलं. मित्रांनो, त्यातला प्रत्येक टाका माझा होता. गंजत पडले होते तेव्हाही मला इतकं जड वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार उघडलं आणि आधी ओडेलचीच टोपी दिसली. "रक्त वाहतंय. वाट शाबूत आहे," तो म्हणाला आणि त्यानं मिस इव्हेटची बोटं आपल्या हातावर ठेवली. "बघा, अजून थरथरतंय." ती थरथर बोटांना लागताच मिस इव्हेटनं जमिनीवरच बसून पायातले बूट काढले आणि ती रडता रडता हसू लागली.

मग डेल्फीन म्हणाली, "हे मी भांडवलवाल्यांसमोर त्या दिवशी सगळ्यांना सांगणार आहे."

यंदा एकही धंदा पुढे गेला नाही तर शाळाच बंद पडणार होती, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी मिस इव्हेट म्हणाली, "मग आधी सगळी उसव."

सगळी जॅकेटं उसवली गेली. चेन गेली. तिच्या जागी बाहीच्या वरच्या बाजूला चिकटवून बंद करायची मऊ पट्टी आली, खुर्चीला न टेकणारी. ओडेल आता बोलायला शिकला होता. "इथे टोचतंय. इथेही. आणि रंग भिकार आहे."

"रंगानं दुखतं का?"

"डोळ्यांना दुखतं!"

त्याच्या केंद्रातल्या नर्सनं पट्टी अंगठ्यानं दाबून पाहिली, तो खुर्चीत असताना दोनदा तपासली, तेव्हाच बाकीची शिवली.

तो दिवस आला. मला कोण उचलणार? पण सभागृह समोरच होतं आणि दार उघडं होतं. डेल्फीनचा आवाज आला, "माझ्या पहिल्या जॅकेटनं माझ्याच भावाच्या हाताला इजा केली." एक खुर्ची सरकली, कुणीतरी उठून गेलं. मग एका बाईनं विचारलं. ती शहरातल्या एका डायलिसिस केंद्राची प्रमुख होती. "आमच्याकडे बरेच जण कितीही दुखलं तरी सांगत नाहीत. त्याचं काय कराल?"

"ओडेलला पाठवीन. तो आता गप्पच बसत नाही."

सभागृह हसलं. त्या बाईनं आपल्या केंद्रासाठी जॅकेटं मागितली, आणि तिच्यामागून आणखी दोघं भांडवल घालायला पुढे आले. नंतर डेल्फीन एकटीच वर्गात आली, माझ्या फळीवर डोकं टेकून तिनं लांब श्वास सोडला. शाळा चालू राहिली. मीही.

मित्रांनो, आम्हा मशीनना बिघाड लपवता येत नाही. तेल संपलं की आम्ही करकरतो, पट्टा सैल झाला की घसरतो. तेवढं ऐकून आमची काळजी घ्या. पण तुमच्या घरातली माणसं तुमच्या आनंदापायी करकरत नाहीत. "काही नाही गं" म्हणाली, तरी एकदा त्यांची बाही वर करून बघा.