परातीची ढाल

मी एक जुनी पितळी परात आहे. मित्रांनो, इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या घरांत आता कणीक मळायला मशीन असते, त्यामुळे तुम्ही मला कदाचित ओळखणारही नाही.

पुण्यात एका तांबटाने ठोके घालून मला घडवले. मालविकाआजींच्या रुखवतात मी सगळ्यांत पुढे मांडलेली होते. माझ्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी त्यांचे नाव घातले आहे. आजी चिंच लावून मला अशी घासायच्या, की येणारा-जाणारा माझ्यात बघून केस सारखे करायचा. पुढे त्यांची नात मंजिरी मला साड्यांत गुंडाळून इंग्लंडला घेऊन आली. दोन बाळंतपणे, नोकरी, नर्सरीची धावपळ. मी लॉफ्टमध्ये गेले, ख्रिसमस ट्रीच्या खोक्यामागे, आणि काळी पडले.

मला खाली आणले ते अन्वीने, मंजिरीच्या नऊ वर्षांच्या लेकीने. तिच्या शाळेत प्राचीन ग्रीकांच्या महाकाव्यावर नाटक होते. अन्वी त्यातला सर्वांत शूर योद्धा आणि तिचा मित्र वेद राजा. योद्ध्याला ढाल हवी होती. मंजिरीने धाकट्या मायराला कडेवर घेऊन एका हाताने मला घासले. अन्वीच्या बाबांनी सॅकचे पट्टे माझ्या आतल्या बाजूला चिकटवले.

घासता घासता मंजिरी ती गोष्ट सांगत होती. भर सभेत राजा योद्ध्याचा मान हिरावून घेतो. योद्धा तलवार उपसतो. तेवढ्यात आकाशातून देवी उतरते आणि मागून त्याचे केस धरते. ती फक्त त्यालाच दिसते.

"मग तो ऐकतो?" अन्वीने विचारले.

"तलवार म्यानात घालतो. पण राग नाही गं जात. तो लढायचंच सोडतो, आणि त्यात त्याचीच माणसं मरतात."

मी थक्क झाले. एवढे मोठे युद्ध, एवढे सैन्य, आणि देवीने येऊन धरावे ते एका माणसाचे केस.

शाळेत सगळ्यांनी माझे कौतुक केले. वेदला ते बघवेना. सर्वांत चकचकीत ढाल राजाकडेच हवी, असे त्याने मिसला जाऊन सांगितले, आणि मिसला ते पटले. अन्वीला पुठ्ठ्याची ढाल मिळाली. घरी येऊन तिने जाहीर केले की ती नाटकात नाही. जेवलीही नाही.

अन्वीने नाटक सोडल्याचे वेदला ठाऊक नव्हते; शनिवारी तो मला हातात अडकवून आमच्या घरी प्रॅक्टिसला आला. मागच्या बागेत दोघे समोरासमोर उभे राहिले.

"किंगला बेस्ट शील्ड पाहिजे. तू कार्डबोर्डवाला घे ना."

"ती माझ्या पणजीची परात आहे."

"आता माझा आहे."

अन्वीने मला हिसकावले. पट्टे सुटून वेदच्या हातात राहिले आणि तो मागे पायरीवर आपटला. तिने दोन्ही हातांनी मला डोक्यावर उचलले. मित्रांनो, मी हलकी नाही. खाली वेदचे उघडे कपाळ होते, आणि मला ओरडता येत नव्हते.

तेवढ्यात तिची वेणी मागून ओढली गेली.

तिची मान वर झाली. माझ्यात तिला स्वतःचा लालबुंद चेहरा दिसला, आणि त्याच्यामागे, धावत आलेल्या मंजिरीच्या कडेवरून ओणवी झालेली मायरा. वेणी तिच्या इवल्याशा मुठीत होती. ती हसत होती. वेदला मात्र फक्त माझी पाठ दिसत होती.

अन्वीने मला हळूच गवतावर ठेवले. मग ती तिथेच बसून रडली.

"सॉरी," वेद पुटपुटला. "मला फक्त शायनी पाहिजे होता."

अन्वीने डोळे पुसले आणि सरकून त्याला शेजारी बसायला जागा केली.

नाटकात दोघांनीही पुठ्ठ्याच्या ढाली घेतल्या. मी परत ओट्यावर आले, आणि रविवारी माझ्यात कणीक भिजते. मायराला पीठ उडवायला फार आवडते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी अडगळीत असेल, तर त्याला खाली आणा आणि घासत जा. काळ्या पडलेल्या परातीत आपल्यामागे कोण उभे आहे ते दिसत नाही.