निळ्या भिंतीचा फोटो

आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासून ऑडिटरसाहेब निवृत्त झाले आणि घरात त्यांना तपासायला काही उरलं नाही. ते चाळणीची भोकं मोजायला घेणार, तेवढ्यात बायकोने फोन पुढे केला.

"अहो, जागा संपली म्हणतोय हा. फोटो कॉम्प्युटरवर टाका आणि मोकळा करून द्या."

फोटो टाकता टाकता साहेबांना 'तपशील' नावाचं बटण सापडलं. ते दाबलं की फोटो कधी काढला, कशाने काढला, कुठे उभं राहून काढला, सगळं नकाशासकट हजर. साहेब हरखले. एवढा खरं बोलणारा साक्षीदार त्यांना नोकरीत कधी भेटला नव्हता.

एका फोटोत नुसती निळी भिंत होती, तिच्यावर झाडाची सावली. मंगळवार, दुपार. मंगळवारी दुपारी बायको मैत्रिणीकडे विणकामाला जायची. नकाशातली टाचणी मात्र तरणतलावावर रुतली होती.

हे तिला एकटीला विचारता आलं असतं. पण इतका चांगला ऐवज एका श्रोत्यावर उधळायचा? साहेबांनी तो रविवारच्या जेवणापर्यंत राखून ठेवला.

"विणकाम कसं चाललंय?" त्यांनी भाजी वाढून घेत विचारलं.

"चाललंय."

"नाही, पाण्यात बसून विणता की काय तुम्ही?" आणि त्यांनी छापून आणलेला नकाशा टेबलावर मांडला.

हशा पिकला. "आई! पोहायला? साडी खोचून?" मुलगा ओरडला. नात खुर्चीवर चढून हात मारून दाखवू लागली. मुलाने नकाशाचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. साहेबांच्या बहिणीचं उत्तर लगेच आलं: "वहिनी, या वयात? कंबर सांभाळा हो!"

बायकोही हसली. मग ओट्याशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

सून तेवढी हसली नव्हती. "बाबा, आईंना विचारलं होतंत?"

"अगं, फोन तिनेच दिला ना!"

"जागा करायला दिला होता."

शेरे मारण्यात साहेबांची हयात गेली होती. स्वतःवर बसलेला हा पहिलाच, आणि खोडून काढायला त्यात काही नव्हतं.

मंगळवारी दुपारी बायको घरीच.

"जायचं नाही?"

"नाही."

"अगं, चेष्टा केली मी."

"आज कठडा सोडणार होते," ती म्हणाली. "इतके दिवस नुसती धरून उभी राहायचे. शिकवणारी बाई म्हणाली होती, या वेळी सोडायचाच."

"मग जा की! कोण अडवतंय?"

"कुणीच नाही. पण परत आले की सगळे विचारणार, सोडला का. अहो, तिथे मला कुणी ओळखत नव्हतं. बुडाले असते तरी निवांत बुडाले असते."

एरवी या वाक्याला साहेब खदखदून हसले असते. आता त्यांना तिच्याकडे बघवेना. ते कॉम्प्युटरपाशी गेले आणि तिच्या एकेका फोटोतलं ठिकाण पुसत बसले. ते पुसलं गेलं. ग्रुपवर मात्र त्या नकाशाखाली कुठली तरी भाची अजून हसरे चेहरे टाकत होती. ते पुसायचं बटण साहेबांना सापडलं नाही.

काही आठवड्यांनी फोन पुन्हा त्यांच्यापुढे आला. "फोटो तेवढे उतरवा," बायको म्हणाली आणि आत गेली.

साहेबांनी फोटो उतरवले. तपशील बघायचा नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. बोटाशी ठरवायचं राहून गेलं. नव्या फोटोंत ठिकाणाची ओळ कोरी होती. फोनमधली ती सोय कुणीतरी बंदच करून दिली होती.

"काय दिसलं?" बायको दारात उभी होती.

"काहीच नाही," साहेब घाईने म्हणाले.

"म्हणजे बघितलंत."

तिने फोन उचलला, पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या. कुठे निघालीस, हे त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि दार लागेपर्यंत मान वर केली नाही.