गणिताच्या भीतीचं चौथं प्रकरण

अध्यापक महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी प्रबंधासाठी विषय निवडला, ‘गणिताची भीती’. घरचे हसले. साधी टक्केवारी काढायची वेळ आली, तरी बाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत.

पहिली तीन प्रकरणं झरझर लिहून झाली. मुलाखती देताना माणसं रडली, त्यांच्यासोबत बाईही रडल्या. गणित म्हटलं की कुणाला एकदम चहाची तल्लफ यायची, तर कुणाला नेमकं तेव्हाच कपाट आवरावंसं वाटायचं. बाईंनी सगळं खापर खडूस शिक्षकांवर फोडलं आणि त्यावर सुरेख पानं लिहिली.

“छान,” मार्गदर्शक म्हणाले. “आता चौथं प्रकरण. आकडेवारी.”

दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या घरातली कपाटं एकेक करून लख्ख होऊ लागली. कॉलेजात मार्गदर्शक समोरून येताना दिसले की बाई मिळेल त्या वर्गात शिरत. शेवटी लोकांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा काखोटीला मारून त्यांनी थोरल्या बहिणीचं घर गाठलं. ताई शाळेत गणित शिकवायची. लहानपणी बाईंचा गणिताचा सगळा गृहपाठ तीच करून द्यायची.

“ताई, एवढं करून दे ना गं.”

“आण इकडे,” म्हणत ताईनं हात पुढे केला. तो नेमका प्लास्टरमध्ये होता. बाथरूममध्ये पाय घसरून पडली होती. “अरे हो. मग तू लिही, मी नुसती सांगते.”

पुढचे कित्येक रविवार ताईच्या जेवणाच्या टेबलावर गेले. बाई चिडल्या, रडल्या, एकदा तर तणतणत जिन्यापर्यंत गेल्या.

“जा खुशाल,” ताई आतून ओरडली, “पण सरासरी काढून जा!”

हळूहळू आकडे जागेवर बसले, आणि बसले ते भलतीकडेच. खडूस शिक्षक जवळजवळ निर्दोष सुटले. सगळ्यांत जास्त घाबरणारी निघाली ती माणसं, ज्यांची गणितं घरातलं कुणीतरी मायेनं सोडवून देत होतं.

बाईंनी पटकन तक्त्यावर हात ठेवला. पण ताईचं वाचून झालं होतं.

“म्हणजे मी?”

“अगं, तसं नाही. हा नुसता संबंध आहे, कारण नव्हे...”

“गप्प बस.” ताईनं बाईंचा हात बाजूला करून तक्ता पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाली, “राहू दे, खोडू नकोस. मी तुझी गणितं केली नसती, तर तुला हा विषय तरी सुचला असता का?”

सुरेख पानं फाडावी लागली. प्रबंध मात्र पुरा झाला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या प्राध्यापकांनी पहिल्या तीन प्रकरणांची तोंडभरून स्तुती केली आणि चौथं येताच पानं भराभर उलटली.

“आकडे काय, बरोबरच असणार.”

“सर, तक्ते मी स्वतः केलेत,” बाई जराशा दुखावल्या. “एकदा बघा तरी.”

प्राध्यापकांनी रुमालानं कपाळ टिपलं. “चहा सांगितलाय ना कुणी?”

बाईंनी आपली खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली आणि पहिल्या ओळीपासून समजावायला सुरुवात केली.